बाटलीत दोन पानं

काल संध्याकाळी रोझाचा फोन आला. "टोमॅटो आले," ती म्हणाली, आणि मग दरवर्षीची वाक्यं एका दमात. "शनिवारी ये, सकाळी लवकर ये, जुने कपडे घाल, आणि जुईला आण. नाहीतर पानं कोण घालणार? मम्मा दोनदा विचारून गेली." मी म्हटलं, "सांगते." टोमॅटोच्या दिवसाला मी आजवर कधी "सांगते" म्हटलेलं नाही. "येते" म्हणते, तेही तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत.

"बरी आहेस ना?" रोझानं विचारलं.

"हो गं, बरी आहे. जुईला विचारते आणि कळवते," मी म्हटलं आणि घाईघाईनं फोन ठेवून दिला.

ऑगस्ट संपत आलाय. आमच्या मिल्टन कीन्सच्या घरामागून सायकलवाल्यांचा लाल रस्ता जातो, त्याच्या कडेच्या झुडपांवर ब्लॅकबेरी काळ्याभोर झाल्यात. बिनच्या झाकणावर गांधीलमाश्या घोंगावतायत. दुकानांत शाळेचे राखाडी स्कर्ट टांगलेत, आणि मी शाळेत शिकवते, त्यामुळे ते दिसले की मी दुसऱ्या बाजूनं जाते. ऊन असतं, पण अंगात स्वेटर लागतोच. या देशात ह्याला उन्हाळ्याचा शेवट म्हणतात. माझ्या लेखी हा टोमॅटोचा हंगाम, आणि तो मी मिल्टन कीन्समध्ये नाही, तिथून अर्ध्या तासावरच्या बेडफर्डमध्ये शिकले.

जुई वर तिच्या खोलीत आहे. माझी लेक, बारा वर्षांची. तिला विचारायचं म्हणजे जिना चढायचा आणि एक वाक्य बोलायचं. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या स्वयंपाकघरात जे काही झालं, त्यानंतर तिला टोमॅटोच्या दिवसाला यायचं असेल की नाही, मला ठाऊक नाही. नसेल यायचं, तर ते कोणामुळे, हे मात्र पक्कं ठाऊक आहे. म्हणून कालपासून मी खालीच घुटमळतेय. उगाच ओटा पुसतेय.

आम्ही पुण्याहून बेडफर्डला आलो तेव्हा मी सहा वर्षांची होते. बाबा एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात लागले होते. त्यांनी घर घेतलं ते स्टेशनजवळच्या एका गल्लीत, आणि ती गल्ली जवळजवळ सगळीच्या सगळी इटालियन निघाली. गावाबाहेर वीटभट्ट्या होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर विटा हव्या होत्या आणि विटा भाजायला माणसं मिळेनात, म्हणून दक्षिण इटलीतल्या डोंगरांतली गावंच्या गावं इथे आणली होती. वारा त्या बाजूनं वाहिला की गंधकाचा वास यायचा. गल्लीतल्या बायका तेवढ्यात वाळत घातलेले कपडे आत घ्यायच्या, वारा फिरला की परत बाहेर. आईनं हे पहिल्या आठवड्यातच उचललं.

आमच्या शेजारच्या घरात असुंता राहायची. बुटकी, दंडांनी भक्कम, कमरेला कायम एप्रन. तिचे मिस्टर भट्टीवर, मोठा मुलगा फ्रँको, आणि माझ्या वयाची रोझा. आईनं पहिल्या दिवसापासून तिला असुंताबाई करून टाकलं. "नुसतं असुंता काय म्हणायचं, मोलकरणीला हाक मारल्यासारखं!" असुंताबाई आईला सिन्योरा मालती म्हणायच्या. दोघींचंही इंग्रजी मोडकं, पण मोडलेलं वेगवेगळ्या ठिकाणी, त्यामुळे एकीला अडलं की दुसरी पुरं करायची. मागच्या दोन अंगणांमधली भिंत कमरेएवढी. तिच्यावरून वर्षभर वाट्या जायच्या-यायच्या. वाटी रिकामी परत करायची नाही, हे दोघींपैकी कोणालाच कोणी सांगावं लागलं नाही.

आणि ऑगस्टच्या शेवटी टोमॅटोचा दिवस. आदल्या संध्याकाळी लॉरी गल्लीत यायची. लांबट, गर भरपूर आणि पाणी कमी असले टोमॅटो, खोक्यांवर खोकी. वर्षाचा सॉस एका दिवसात करायचा. पहाटेच अंगणात लाकडं पेटायची, तेलाचं जुनं पिंप त्यावर चढायचं. एका टेबलाला हातानं फिरवायचं यंत्र घट्ट आवळलेलं असायचं. वरून उकडलेले टोमॅटो टाकायचे, एका बाजूनं लालभडक रस, दुसरीकडून सालं आणि बिया. सालं परत एकदा फिरवायची, कारण त्यांच्यातही अजून जीव असतो म्हणे. मग रस बाटल्यांत भरायचा, बाटल्यांना बुचं मारायची, त्यांना चिंध्यांत गुंडाळून पिंपात रचायचं आणि पाण्यात उकळायचं. बाटल्या वर्षभर साठवलेल्या असत, लेमोनेडच्या, बिअरच्या. आमच्याही घरच्या बाटल्या आई त्यांना द्यायची, आणि मोबदल्यात आमच्या फडताळात वर्षभर असुंताबाईंचा सॉस असायचा. आई त्यात जिऱ्याची फोडणी घालून सार करायची. असुंताबाईंनी एकदा ते चाखलं आणि छातीवर क्रॉस काढला. मग दुसरी वाटी मागितली.

बूच मारण्याआधी प्रत्येक बाटलीत बेझिलचं, त्यांच्या तुळशीचं, एक पान जायचं. एकच. हे काम घरातल्या मोठ्या झालेल्या मुलीचं. लहान मुलींनी बाटल्या धुवायच्या, चिंध्या फाडायच्या, गांधीलमाश्या हाकलायच्या. आठव्या वर्षापासून मी धूत होते. हात लाल व्हायचे, फ्रॉक भिजायचा, आणि नजर सगळी त्या टेबलाच्या टोकाशी, जिथे रोझाची मोठी चुलतबहीण राणीसारखी बसून एकेक पान आत सोडायची. मग एका वर्षी तिचं लग्न झालं. असुंताबाईंनी मे महिन्यातच जाहीर केलं, यंदा पानं रोझा आणि सुधा घालतील. सुधा म्हणजे मी! रोझा आणि मी पुढचे तीन महिने अंगठा आणि तर्जनीत पानं धरून, बागेतल्या कसल्याही पानांवर, सराव करत होतो.

मी तेव्हा तेरा वर्षांची होते. आणि टोमॅटोच्या दिवशी सकाळी उठले तर पाळी आलेली.

आमच्या घरी तेव्हा पाळीचं सगळं पाळलं जायचं, जमेल तेवढं. दोन खोल्यांच्या घरात बाजूला कुठे बसणार, कपाळ! पण देवाला हात लावायचा नाही, लोणच्याच्या बरणीला नाही, पापड लाटायला बसायचं नाही. लोणचं नासतं. बाबा यावर हसायचे, पण हसायचे वर्तमानपत्राच्या आड. मी रडकुंडीला येऊन आईला सांगितलं. आईनं दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाली, "हे बघ, ही ख्रिश्चन माणसं. त्यांच्यात नसतं असलं काही. आणि टोमॅटो काय आपले आहेत? जा तू. घाल पानं." मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! एका मिनिटात मी भिंतीवरून उडी मारून पलीकडे होते.

असुंताबाई अंगणाच्या दारात उभ्या होत्या. आत येणाऱ्या प्रत्येक बाईच्या कानाशी त्या काहीतरी पुटपुटत होत्या आणि ती बाई मान हलवून आत जात होती. माझ्यामागून आई आली. असुंताबाईंनी तिच्या कानाशी पुटपुटलं. आईला कळेना. तेव्हा त्यांनी आधी स्वतःच्या पोटावर हात ठेवला, मग भुवया उंचावल्या, मग बोट टोमॅटोंकडे दाखवून तोंड वाकडं केलं. नासलं, फसफसलं, बाटली फुटली, असं सगळं त्या एका वाकड्या तोंडात होतं.

आईचा चेहरा मी विसरू शकत नाही. त्यावर लाज नव्हती, आनंद होता. निखळ आनंद. सात वर्षं या परक्या देशात राहून, पावाच्या दुकानापासून डॉक्टरच्या वेटिंग रूमपर्यंत कुठेही स्वतःसारखं काही न सापडलेल्या माझ्या आईला अखेर एक बाई भेटली होती, जी तिच्यासारखीच भीत होती. "अगं बाई! तुमच्याकडेसुद्धा?" ती चक्क मराठीत ओरडली. तिनं असुंताबाईंचे दोन्ही हात धरले. "आमच्यात पिकल! सेम, सेम! पिकल!" असुंताबाईही तिचे हात हलवायला लागल्या. आणि त्या आनंदाच्या भरात, आपल्यालाही हे सगळं कसं व्यवस्थित माहीत आहे हे दाखवायला, आईनं माझ्याकडे बोट केलं. "माय डॉटर. टुडे."

अंगणभर ऐकू गेलं.

असुंताबाई मुळीच रागावल्या नाहीत. उलट माझ्या गालाला हात लावला, "पोव्हेरिना," म्हणाल्या, बिचारी गं. मग स्वयंपाकघरातून एक निळी खुर्ची आणली आणि कोळशाच्या खोलीच्या दाराशी, सगळ्यांपासून दूर, मांडली. मला पावाचा तुकडा दिला, त्यावर तेल आणि मीठ. तिथे मी संध्याकाळपर्यंत बसले. घरी पळून जावं तर सगळ्यांच्या मधून जावं लागणार, म्हणून बसले. त्या खुर्चीचा अर्थ अंगणातल्या प्रत्येकाला कळत होता. फ्रँको सतरा वर्षांचा होता, पिंपाखाली सारायला लाकडं घेऊन तो माझ्यासमोरून गेला. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि झटकन मान फिरवली. टक लावून पाहिलं असतं तरी परवडलं असतं. टेबलाच्या टोकाशी रोझा एकटी पानं घालत होती. भिंतीशी उभ्या राहून आई आणि असुंताबाई, लोणचं आणि सॉस, पापड आणि सॉसेज, असं काय काय एकमेकींना समजावत खिदळत होत्या. त्या दोघींची खरी मैत्री त्या दिवशी झाली, आणि ती शेवटपर्यंत टिकली. मला ते आजही पुरतं गिळता येत नाही.

दुपारी रोझा येऊन माझ्या खुर्चीच्या पायाशी बसली. तिच्या बोटांना बेझिलचा वास येत होता. "पुढच्या वर्षी," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी तू सगळी घाल. मी नाही घालणार."

पण पुढच्या वर्षी ते अंगणच राहिलं नाही. गल्लीतली इटालियन घरं एकेक करून उठत होती. भट्टीवर पाठ मोडलेल्या बापांनी पै पै जोडली होती, मुलं बँकेत, गाड्यांच्या शोरूममध्ये लागली होती, आणि सगळ्यांना एकच हवं होतं. पटनो. बेडफर्डच्या कडेचा तो भाग आम्हाला तेव्हा परदेशच वाटायचा. जोडघरं, पुढे गवताचा चौकोन, बाजूला गॅरेज, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. फ्रँको आणि त्याच्या वडिलांनी मिळून तिथे घर घेतलं. सामान हलवलं त्या दिवशी असुंताबाई आमच्या स्वयंपाकघरात येऊन रडल्या आणि फ्रँको बाहेर गाडीचा हॉर्न वाजवत होता.

पटनोतल्या पहिल्या टोमॅटोच्या दिवशी पिंप मागच्या हिरवळीवर चढलं. लाकडं ओली होती, धूर झाला. शेजारच्या बागेत दोरीवर पांढऱ्या चादरी वाळत होत्या. थोड्या वेळानं कुंपणावरून एक पिकलेलं डोकं वर आलं आणि एका बाईंनी अतिशय गोड आवाजात विचारलं, "सगळं ठीक आहे ना तुमच्याकडे?" बस, एवढंच. बेडफर्डच्या त्या गल्लीत कोणी असं विचारलं असतं तर असुंताबाईंनी तिला हाताला धरून आत घेतलं असतं आणि चमचा हातात दिला असता. इथे फ्रँकोचा चेहरा पांढराफटक पडला. तो सॉरी म्हणाला, मग पुन्हा सॉरी म्हणाला. त्यानं आगीवर पाणी ओतलं, गॅरेजमधून गाडी बाहेर काढली, सगळी खोकी आत ओढली, कुठून तरी गॅसची शेगडी आणली, आणि गॅरेजचं दार खाली ओढून घेतलं.

"दार कशाला लावतोस?" असुंताबाई म्हणाल्या. "आपण काय चोरी करतोय?"

"मम्मा, हळू बोल," तो म्हणाला.

आत ट्यूबलाइट होती. वाफेनं भिंती घामेजल्या, कपाळावरून घाम डोळ्यांत जात होता, श्वास घेववत नव्हता. त्या वर्षी माझी अडचण नव्हती. असुंताबाईंनी विचारलं, पण आता कुजबुजत, कारण तिथे सगळंच कुजबुजत चाललं होतं. मी मान हलवली आणि टेबलाच्या टोकाशी बसले. इतकी वाट पाहिलेलं ते काम मला मिळालं. पान बोटांत धरायचं, बाटलीच्या तोंडाशी न्यायचं, सोडायचं. लाल रसावर ते थोडं तरंगायचं. आणि मला एकदाही बरं वाटलं नाही. बंद दाराच्या आत आम्ही सगळेच त्या निळ्या खुर्चीवर बसलोय असं वाटत राहिलं, अगदी फ्रँकोसुद्धा. माझ्यासमोरून मान फिरवून गेलेला तो मुलगा आता दाराच्या फटीतून रस्त्यावर कोणी बघतंय का ते पाहत होता.

तीन वर्षांनी आम्हीही उठलो. मिल्टन कीन्सला नवं घर घेतलं, सगळ्या चौकांत राउंडअबाउट, सगळी घरं एका वळणाची. आईला तिथे नीट पोटभर खोकतासुद्धा यायचं नाही. मसाला भाजायचा तर आधी वरच्या खोल्यांची दारं बंद, कोट प्लास्टिकच्या पिशव्यांत, स्वयंपाकघराच्या खिडक्याही बंद, म्हणजे वास बाहेर जायला नको. म्हणजे तो सगळा वास आमच्याच केसांत. शाळेत जाताना मी स्कार्फला बाबांचं आफ्टरशेव्ह लावायचे. बेडफर्डच्या गल्लीत कोणाच्या घरी काय शिजतंय ते कोपऱ्यावरून कळायचं, आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. घर मोठं झालं, बाग आली, आणि तिच्याबरोबर ही लाजही आली. असुंताबाई फोनवर आईला विचारायच्या, "तुमच्याकडे बायका बाहेर बसतात का गं?" आई म्हणायची, "छे हो, इथे बाहेर फक्त गाड्या."

मला वाटायचं, लाजेचे दोन प्रकार असतात. एक त्या बंद गॅरेजची, लोक काय म्हणतील ती. दुसरी खुर्चीची, आपलीच माणसं देतात ती. पहिलीवर मी मात केली असं म्हणते. आता मसाला भाजते तेव्हा खिडक्या सताड उघडते, शेजारचा डेव्हिड कुंपणावरून "स्मेल्स लव्हली" म्हणतो आणि मी त्याला डबा देते. दुसरीवर मात करायला मी शिक्षण घेतलं. खरंच सांगते. शाळेत मी बायॉलॉजी शिकवते. बारा-तेरा वर्षांच्या वर्गासमोर फळ्यावर गर्भाशय काढते, बाण काढते, मुलगे फिदीफिदी हसतात त्यांना गप्प करते आणि खणखणीत आवाजात सांगते, "देअर इज नथिंग टु बी अशेम्ड ऑफ." दरवर्षी सांगते. वर्गातल्या एखाद्या मुलीचा चेहरा ऐकता ऐकता सैल होतो, आणि त्या दिवशी मी घरी गाणं म्हणत येते.

आई दोन वर्षांपूर्वी गेली. असुंताबाई क्रेमेटोरियमला काळ्या कोटात आल्या, आणि पर्समधून सॉसची बाटली काढून माझ्या हातात दिली. ती मी आईच्याच पद्धतीनं, जिऱ्याची फोडणी घालून संपवली आणि रिकामी बाटली धुऊन, बेसनाचे लाडू बरोबर घेऊन, परत करायला गेले. त्यानंतरच्या ऑगस्टपासून जुई माझ्याबरोबर यायला लागली. आता टोमॅटोचा दिवस रोझाच्या घरी असतो. तेही पटनोतच. तिच्या गॅरेजचं दार मात्र उघडं असतं. आजकाल शेजारचे इंग्रज येऊन फोटो काढतात, चव बघतात, वा वा म्हणतात. फ्रँकोच त्यांना सगळं समजावून सांगतो, आणि चांगलं रंगवून सांगतो.

गेल्या वर्षी जुई अकरा वर्षांची होती. सकाळी गाडीत बसताना म्हणाली, "आई, आय हॅव माय पीरियड. पॅड बॅगमध्ये आहे." दुसरी की तिसरी वेळ तिची. मी राउंडअबाउट घेता घेता हसले, आणि तिला निळ्या खुर्चीची सगळी गोष्ट सांगितली. आईचं "सेम, सेम, पिकल" नक्कल करून सांगितलं. जुई पोट धरून हसली. "दॅट्स सो मीन! दे थॉट की सॉस खराब होतो?" मी म्हटलं, "हो बाई, तेव्हाच्या बायका." अशी मोठ्या मनाची होते मी त्या सकाळी.

असुंताबाई आता खुर्चीतच असतात. जुई त्यांना नोना म्हणते, म्हणजे आजी. गॅरेजच्या दाराशी बसून बुचं पुसतात. जुई त्यांच्या गालाला गाल लावायला वाकली, तशी त्यांनी तिच्या कानाशी पुटपुटलं. मला शब्द ऐकू यायची गरजच नव्हती.

"येस, नोना, आज आहे," जुई सरळ म्हणाली. आवाज नेहमीचा, ना वर ना खाली. "इज इट अ प्रॉब्लेम?"

सगळे थांबले. फ्रँकोनं यंत्र फिरवायचं थांबवलं. असुंताबाईंनी जुईकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मी खुर्ची आणेन अशी वाट पाहत. माझ्या कानांच्या पाळ्या भाजायला लागल्या, अगदी तेव्हासारख्या. पण मी हलले नाही. "ती पानं घालणार आहे," मी म्हटलं.

"मम्मा, बास्ता, पुरे," रोझा म्हणाली.

"मी म्हातारी झाले," असुंताबाई म्हणाल्या. "सॉस तुमचा, पोटं तुमची." आणि त्या स्वतःच उठल्या, खुर्ची दोन हात लांब ओढून घेतली आणि पाठ करून बसल्या. थोड्या वेळानं त्यांनीच बेझिलची कुंडी जुईकडे सरकवली. जुईनं दिवसभर पानं घातली, आणि तिच्या प्रत्येक बाटलीत एक नाही, दोन. "एकटं पान लोनली दिसतं," म्हणाली. दुपारी ती जेवायला उठली तेव्हा काही बाटल्या रोझानं भरल्या, एका पानाच्या. संध्याकाळी डिकीत दोन्ही प्रकारच्या बाटल्या खुळखुळत आम्ही घरी आलो. मी सबंध रस्ता ताठ बसून गाडी चालवली. आईनं मला उघडं पाडलं होतं, मी माझ्या लेकीला नाही. जिंकल्यासारखं वाटत होतं.

मग हिवाळा आला. शाळेतून येते तेव्हा काळोख पडलेला असतो, अशा एका दिवशी मी पास्ता करत होते आणि जुई टेबलाशी बसून होमवर्क करत होती. फडताळातून बाटली काढली. दोन पानांची होती. बूच काढलं, आणि पातेल्यात ओतण्याआधी बाटली नाकाशी नेली. खोल वास घेतला. थोडी हलवली, उजेडात धरून कडेला फेस तर नाही ना ते पाहिलं, आणि परत वास घेतला.

"आई, स्मेल का करते?"

"काही नाही. बघते. कधीकधी खराब होतो."

जुईनं पेन्सिल खाली ठेवली. "बाकीचा बॉटलचा नाही करत तू. काल नाही केला. फक्त टू लीव्ह्जवाले."

खरं होतं. महिनाभर मी तेच करत होते आणि मला पत्ता नव्हता. हात आपला आपण बाटली नाकाशी नेत होता. त्या हातानंच मी फळ्यावर बाण काढते. जुईकडे बघायचं माझं धाडस होईना, म्हणून सॉस पातेल्यात ओतला आणि ढवळत राहिले. सॉस उत्तम होता, दरवर्षीसारखाच. जुई जेवली आणि ताट सिंकमध्ये ठेवून वर गेली. मी काहीतरी बोलायला हवं होतं. काय बोलणार? माझा विश्वास नाही त्यावर, हे सांगणार? ते ती ऐकून होती. तिनं बघितलं होतं ते वेगळंच होतं.

त्या संध्याकाळनंतर मी दोन पानांची एकही बाटली उघडली नाही. ती उघडायची तर वास न घेता ओतायला हवी, आणि वास घेत नाहीये हे जुईला दिसायला हवं, आणि तेही नाटकच झालं असतं. अजून काही बाटल्या फडताळात मागे तशाच आहेत.

आत्ता ओटा तिसऱ्यांदा पुसून झाल्यावर मी अखेर जिना चढले. जुई पलंगावर पालथी पडून काहीतरी वाचत होती. मी दारातच उभी राहिले.

"रोझामावशीचा फोन आला होता," मी म्हटलं. "शनिवारी—"

"आय नो. ऐकला मी काल." तिनं पान उलटलं.

"येतेस?"

"येते ना. नोना वाट बघते."

मला इतकं हायसं वाटलं की मी आत जाऊन तिच्या पलंगाच्या कडेवर बसले, तिच्या केसांवरून हात फिरवला. तिनं फिरवू दिला. मग पुस्तकातून मान वर न करता, राग नाही, रुसवा नाही, आपलं उगाच, भाजीत कांदा नको म्हणावं तशा आवाजात म्हणाली, "पण आई, माझे बॉटल्स घरी नको आणू. रोझामावशीला दे. तिला चालतात."